वार पडली का?

मागच्या आठवड्यात आमच्या वानेरा गाईला गोऱ्हा झाला. पहाटे चारला सगळं आटोपलं. घरची मंडळी बॅटरीच्या उजेडात वासराचं तोंड काळं आहे का ते बघत होती. मी काठी टेकत टेकत गोठ्यात पोचलो आणि विचारलं, "वार पडली का?"

सुट्टीला आलेली नात हसायला लागली. ती उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते. म्हणाली, "आबा, गोऱ्हा का कालवड ते विचारायच्या आधी वारच विचारता तुम्ही!"

खरं आहे. पण ही सवय माझी नाही, माझ्या धाकट्या चुलतीची. तिची आठवण निघाली आणि पुढचे चार दिवस नात आणि मी, दोघं जे बोलत बसलो त्यातून हा लेख झाला. मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं. विज्ञानाचा माझा अभ्यास नाही. पण ह्या गोष्टीला इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे तो इतिहास गाईच्या पोटातून जातो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. देवणी हे लातूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेलं आमचं गाव, आणि देवणी हे गाईच्या जातीचंही नाव. दूधही देते आणि बैलही कामाचा होतो, म्हणून ही जात नावाजलेली. तिचे तीन प्रकार. सगळी पांढरी ती बालंक्या, अंग पांढरं आणि तोंडाला काळं ती वानेरा, आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके ती शेवरा. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत जाणकार माणूस जनावर लांबूनच ओळखतो.

आता काकू. आम्ही मुलं तिला काकूच म्हणायचो. लग्न होऊन आली तेव्हा गोठ्याचं सगळं काम तिच्याकडे आलं. मी शाळेत जायला लागलो होतो, म्हणजे १९६० च्या आगेमागे, तेव्हा तिला तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पोट पडलं. तिसऱ्यानंतर घरात बोलणी सुरू झाली. आजी म्हणायची, "जमीनच चोपण असली तर बी काय करील?" चुलत्याचं दुसरं लग्न करायचं इथपर्यंत गोष्ट गेली होती. चुलता बधला नाही म्हणून ते टळलं. पण त्यानंतर काकूला गावात कुणाच्या डोहाळजेवणाला बोलावणं आलं नाही. ओटी भरायला तर नाहीच नाही.

आणि गाय अडली की? मग मात्र अर्ध्या रात्री लोक कंदील घेऊन दारात. "वहिनी, जरा चला." काकू पदर खोचून निघायची. पुष्कळदा कंदील धरायला मी. वासरू बाहेर आलं, उभं राहिलं, की बाकीचे चहाला जायचे. काकू तिथेच बसून राहायची. "वार पडल्याबिगर गाय सुटली म्हणू नये रं," असं म्हणायची. वार पडली की ती गवतात गुंडाळून वडाच्या झाडाला बांधायला द्यायची, आणि मगच हात धुवायची.

त्याच घरात गाय दोनदा उलटली, म्हणजे वळू दाखवूनही एकवीस दिवसांनी परत माजावर आली, की आजोबा काय म्हणायचे? "वळूत काही कमी असेल. दुसरा दाखवू." गाईच्या बाबतीत दोन्ही बाजू तपासायची अक्कल आमच्या घरात होती. बाईच्या बाबतीत फक्त जमीन. हे मला तेव्हा खटकलं नाही, खोटं कशाला बोलू. पुष्कळ वर्षांनी खटकलं.

नात म्हणाली, "आबा, खरा प्रश्न गाभ का गेला हा नाहीच. तो टिकतो कसा, हा आहे." मी म्हणालो, म्हणजे? तर म्हणाली, "वासरू निम्मं बापाचं. आईच्या अंगाला ते परकंच. दुसऱ्या गाईची कातडी लावली तर अंग ती चार-दोन आठवड्यांत झिडकारून टाकतं. मग हे निम्मं परकं जनावर नऊ महिने पोटात कसं राहतं?"

हा प्रश्न नीट मांडला तो पीटर मेडावार ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, १९५३ साली. पण तिथे पोचण्याआधी जुळ्या वासरांची गोष्ट सांगितली पाहिजे.

गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड बहुतेक वेळा पुढे गाभण राहतच नाही. जुन्या शेतकऱ्यांना हे माहीत असतं. इंग्लंडमधल्या जॉन हंटर ह्या शल्यविशारदाने १७७९ साली ह्यावर निबंध लिहिला. कारण मात्र १९१६-१७ मध्ये शिकागोच्या फ्रँक लिली यांनी शोधलं. कत्तलखान्यातून आणलेले जुळे गर्भ त्यांनी तपासले. दोन्ही वासरांच्या वारेच्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. म्हणजे गोऱ्ह्याचं रक्त कालवडीत फिरत होतं आणि तिथूनच तिची वाढ बिघडत होती.

१९४५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला रे ओवेन यांनी जुळ्या जनावरांचे रक्तगट तपासले. त्यांत दोन वेगवेगळ्या जातींच्या वळूंपासून एकाच वेळी राहिलेली जुळीही होती. एकेका जनावराच्या अंगात दोन-दोन प्रकारच्या रक्तपेशी मोठेपणीही नांदत होत्या. भावाच्या पेशी बहिणीत, बहिणीच्या भावात, आणि भांडण नाही! मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये जुळ्या वासरांच्या कातडीचे तुकडे एकमेकांना लावून पाहिले. एकसारखी जुळी आणि वेगळी जुळी ओळखायची ही सोपी रीत होईल असा त्यांचा अंदाज होता. झालं उलटंच. जवळजवळ सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची कातडी स्वीकारली. गर्भात असताना जे भेटलं ते शरीर आपलं मानतं, असा त्याचा अर्थ निघाला. ह्या कामासाठी मेडावार आणि ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांना १९६० चं नोबेल मिळालं. ओवेन यांचं नाव त्यात नव्हतं. गाईचं तर नव्हतंच.

१९५३ च्या निबंधात मेडावार यांनी आई गर्भाला का झिडकारत नाही ह्याच्या तीन शक्यता मांडल्या. एक, दोघांमध्ये वारेची भिंत आहे. दोन, गर्भ इतका कोवळा असतो की त्याची परकेपणाची खूण उमटलेलीच नसते. तीन, गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती सुस्त होते. पुढच्या सत्तर वर्षांत ह्यातलं एकही पूर्ण बरोबर ठरलं नाही. भिंत आहे, पण दोन्हीकडच्या पेशी थोड्याफार इकडे तिकडे जातात. गर्भावर खूण असते. आणि आई सुस्त नसते. दोघांमध्ये सतत निरोप चालू असतात, हे हळूहळू कळत गेलं.

निरोप हा शब्द माझा. शास्त्रात त्यांना सायटोकाइन म्हणतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना 'चढाई करा', 'थांबा', 'इकडे या' असं सांगायला जे बारीक प्रथिन-रेणू सोडतात ते हे. त्यातला एक फार ओळखीचा, इंटरफेरॉन. लंडनमध्ये १९५७ साली अॅलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमन यांनी तो शोधला. विषाणू शिरला की पेशी हा रेणू सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. आजारपणात ताप, अंगदुखी होते त्यात ह्याचाही हात असतो.

आता पुन्हा गोठ्यात या. गाय एकवीस दिवसांनी माजावर का येते? बीज सुटलं की त्या जागी अंडाशयात एक पिवळसर गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. ती गर्भाशय तयार ठेवणारं संप्रेरक बनवते. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय बघतं की आत कुणी आलेलं नाही. मग ते प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सोडून ती गाठ मोडतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. गाभण गाईत हे होत नाही. म्हणजे गर्भाने त्याआधीच 'मी आलोय' असं कळवलेलं असलं पाहिजे. १९६६ साली केंब्रिजला मूर आणि रॉसन यांनी मेंढ्यांवर हे पडताळलं. गर्भ बाराव्या दिवसापर्यंत काढून घेतला तर मेंढी ठरल्या वेळी माजावर यायची, तेराव्या दिवशी किंवा नंतर काढला तर लांबायची. तेवढ्यात निरोप पोचलेला असायचा. १९६९ साली रॉजर शॉर्ट यांनी ह्या घटनेला नाव दिलं, त्याचा अर्थ 'आईने गर्भाला ओळखणं'.

निरोप कशात लिहिलेला होता? १९८२ मध्ये अमेरिकेत मेंढीच्या गर्भातून एक प्रथिन वेगळं केलं गेलं. १९८७ मध्ये त्याची घडण वाचली तेव्हा शोधणारेही चकित झाले. तो एक इंटरफेरॉन निघाला! गाईच्या गर्भातही तसाच. आज त्याला इंटरफेरॉन टाऊ म्हणतात. विषाणू आला म्हणून दवंडी पिटणाऱ्या रेणूच्याच घराण्यातला रेणू गाईचं पोर स्वतःच्या आगमनाला वापरतं.

नातीने मला ह्या वेळचा गर्भ चित्रात दाखवला. काही मिलिमीटरचा गोळा दोन-चार दिवसांत लांबत जाऊन धाग्यासारखा होतो. अजून गर्भाशयाला चिकटलेलाही नसतो. तरी जमेल तितक्या भिंतीला स्पर्श करत निरोप सांगत सुटतो. उशीर झाला, किंवा गर्भ अशक्त असून आवाज क्षीण पडला, तर गाय उलटते. गाईंचे बरेच गाभ असेच पहिल्या काही आठवड्यांत, कुणाला कळायच्या आत जातात. आजोबा म्हणत ते अगदीच चुकीचं नव्हतं. पण नुसत्या वळूचंही ते काम नाही. सांगणारा हवा, ऐकणारी हवी आणि वेळ साधायला हवी.

माणसात निरोपाची भाषा वेगळी. माणसाचा गर्भ इंटरफेरॉन टाऊ वापरत नाही. तो एचसीजी हे संप्रेरक सोडतो. औषधाच्या दुकानात मिळणारी गरोदरपणाची पट्टी लघवीत तेच शोधते. पण पुढचा कारभार इथेही सायटोकाइनच चालवतात. १९९२ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात मादीत एलआयएफ नावाचा एक सायटोकाइन बनूच दिला नाही. तिचे गर्भ चांगले तयार झाले, पण गर्भाशयात रुजले नाहीत. तेच गर्भ दुसऱ्या मादीत ठेवले तर रुजले. म्हणजे आईकडूनही 'ये, बस' असं सांगणारा निरोप लागतो.

१९९३ मध्ये कॅनडाचे थॉमस वेगमन आणि त्यांचे सहकारी यांनी असं मांडलं की गरोदरपणात आईचे सायटोकाइन चढाईच्या बाजूकडून सबुरीच्या बाजूकडे झुकतात. ही कल्पना फार गाजली. पुढे कळलं की इतकं सरळ नाही. गर्भ रुजताना थोडा दाह लागतो, जखम भरताना असतो तसा. मधले महिने शांततेचे. आणि प्रसूतीच्या वेळी पुन्हा दाहाचेच रेणू वाढतात, त्यातूनच कळा यायला मदत होते. तीच आई, तेच रेणू, पण प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली. अवेळी दाह उठला, मोठा ताप आला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर गर्भ धोक्यात येतो.

हे ऐकून मी नातीला विचारलं, "मग काकूचं ह्यात काय बिघडलं होतं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबा, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि घाईने सांगणाऱ्यांनीच बायकांचं नुकसान केलंय."

तिने सांगितलं ते इथे मुद्दाम लिहितो, कारण घराघरातल्या लेकी-सुनांच्या उपयोगाचं आहे. गर्भ टिकण्याचा प्रतिकारशक्तीशी संबंध आहे म्हटल्यावर एक उपचार निघाला. नवऱ्याच्या पांढऱ्या रक्तपेशी बायकोला टोचायच्या, म्हणजे तिच्या अंगाला ओळख होईल. कल्पना ऐकायला चांगली. अनेक देशांत पुष्कळ जणींना ती इंजेक्शनं दिली गेली. १९९९ मध्ये लॅन्सेट ह्या नियतकालिकात नीट तुलना करून घेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली, आणि फायदा काहीच नाही असं निघालं. झाला तर तोटाच. म्हणजे 'जमीन चोपण' हेच आजीचं म्हणणं नव्या पोशाखात आलं होतं, बाईच्या प्रतिकारशक्तीचा दोष म्हणून!

उलट एक साधी गोष्ट खरी ठरली. काही स्त्रियांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं असतात की गुठळ्या होतात आणि वारेचं काम बिघडतं. १९९७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी अशा स्त्रियांना अॅस्पिरिनच्या जोडीला हेपॅरिन दिलं. नुसत्या अॅस्पिरिनवर ४२ टक्के जणींना मूल झालं, दोन्हींवर ७१ टक्के जणींना. हा उपचार आजही दिला जातो. अर्थात तपासणी करून आणि डॉक्टरच्या हातूनच.

आणि पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची मांडणीच चुकलेली असते. त्यात बाईने जड उचललं, पपई खाल्ली, गिरणीपर्यंत चालत गेली, ह्याचा काही संबंध नसतो. आज काकू असती तर तिचं रक्त, थायरॉइड, गर्भाशयाची ठेवण तपासली असती, आणि गुणसूत्रं तपासायची झाली तर तिची आणि चुलत्याची, दोघांची.

आणखी एक शक्यता नातीने हळूच सांगितली. गाभ टाकणाऱ्या गाईंमध्ये ब्रुसेला नावाचा जंतू असतो. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ साली तो शोधला. तो वारेत भरभरून वाढतो आणि माणसालाही लागतो. ताप येत-जात राहतो, आणि गरोदर बाईचं पोटही पडू शकतं. आमच्या गोठ्यातल्या गाभडलेल्या गाईंची वार काकू वर्षानुवर्षं उघड्या हातांनी काढत होती, स्वतः पोटुशी असतानाही. तिला तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या रात्रीनंतर मला नीट झोप आली नाही.

म्हणून सांगतो. गाय गाभडली तर तिची वार नि गर्भ उघड्या हाताने धरू नका, हातमोजे घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गरोदर बाईला त्या कामाला लावू नका. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ह्या रोगाची लस देतात, ती चुकवू नका. आणि वासराला पहिल्या काही तासांत पोटभर चीक पाजा. माणसाच्या बाळाला आईची प्रतिद्रव्यं वारेतून मिळतात, वासराला ती मिळत नाहीत, सगळी चिकातूनच मिळतात. खरवस नंतर.

शेवटी वारेकडे येतो. नातीने सांगितलेलं हे मला सगळ्यात पटलं. नऊ महिने आईच्या अंगाने वारेला सांभाळून घेतलेलं असतं. पण वासरू बाहेर आलं की तेच अंग वारेला परकं म्हणून ओळखतं. पांढऱ्या पेशींना निरोप जातो, त्या येतात आणि वार सुटी करायला लागतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या गाईंची वार अडकली त्यांच्यात त्या पेशी मंद होत्या, आणि त्यांना बोलावणारा इंटरल्युकिन-८ हा सायटोकाइनही कमी होता. म्हणजे वार पडणं हाही एक निरोप पोचल्याचीच खूण. ती ओढून काढायची नसते. बारा तासांच्या वर अडकली तर पशुवैद्याला बोलवायचं.

काकू कधी ओढायची नाही. "ज्याच्या त्याच्या वेळेला सुटतंय," म्हणून बसून राहायची. तिला इंटरफेरॉन ठाऊक नव्हता, पण आईचं आणि पोराचं आपापसात काही चाललेलं असतं आणि त्यात तिसऱ्याने हात घालू नये, हे तिला कळत होतं. तिच्याविषयी ठरवताना मात्र सगळ्या गावाने हात घातला.

ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलं नव्हती, म्हणून अग्नी मी दिला. परवा सकाळी सात वाजता वार पडली. नातीने हातमोजे घालून ती उचलली. वडाला बांधू दिली नाही, पुरायला लावली. आणि हात धुता धुता मला म्हणाली, "आबा, आता म्हणा, सुटली."

मी म्हणालो, "सुटली."